पक्षाघातानंतर मेंदूचा सराव : आभासी रस्ता आणि आभासी बाजार

पक्षाघाताने लुळा पडलेला हात चटकन नजरेस येतो. मात्र मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झाल्याने लक्ष, स्मृती आणि एखादे काम आखून क्रमाने तडीस नेण्याची शक्ती, म्हणजेच बोधनक्षमता, खालावली असेल, तर रुग्ण हिंडू-फिरू लागल्यावरही ते घरच्यांच्या ध्यानात येतेच असे नाही. उजव्या गोलार्धातील आघातानंतर आढळणारे ‘एकपार्श्वी दुर्लक्ष’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. डोळे शाबूत असूनही अशा रुग्णाला डाव्या बाजूच्या जगाचे भान राहत नाही. तो ताटाच्या डाव्या अर्ध्यातले अन्न तसेच ठेवतो, घड्याळाचे चित्र काढताना सारे आकडे उजवीकडे दाटीने मांडतो आणि रस्ता ओलांडताना डावीकडून येणारे वाहन त्याच्या गणतीतच नसते.

अशा रुग्णाला सरावासाठी भर रहदारीत उभे करता येत नाही, आणि म्हणूनच आभासी वास्तव, म्हणजे संगणकाने उभे केलेले व माणसाच्या कृतीला तत्क्षणी प्रतिसाद देणारे दृश्यजग, येथे मोलाचे ठरते. इस्रायलमधील नोओमी कात्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९ रुग्ण होते. त्यांच्यातील एका गटाने संगणकाच्या साध्या पडद्यावर रस्ता ओलांडण्याचा सराव केला, तर दुसऱ्याने पडद्यावरील खुणा शोधण्याचा रूढ सराव केला. नेहमीच्या चाचण्यांत दोन्ही गट बरोबरीचे ठरले. परंतु खरा रस्ता ओलांडण्याच्या काही मापांवर पहिला गट सरस ठरला, आणि हा फरक लहान असला तरी रुग्णाच्या जिवाशी निगडित असल्याने तोच अधिक महत्त्वाचा मानला पाहिजे.

पोर्तुगालच्या मदैरा बेटावरील संशोधकांनी याच विचाराने सुपरमार्केट, टपाल कार्यालय, बँक आणि औषधांचे दुकान असलेले एक आभासी शहर रचले, ज्यात रुग्ण नेमून दिलेली कामे लक्षात ठेवून एकेक उरकतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १८ रुग्णांच्या चाचणीत या सरावाने लक्ष आणि नियोजन सुधारल्याचे दिसले.

हे अभ्यास छोटे आहेत, ही मर्यादा दृष्टिआड करता येत नाही. वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या, याच तंत्राविषयीच्या २०१७ च्या आढाव्यात ७२ चाचण्या आणि २,४७० रुग्ण होते, तरी बोधनक्षमतेविषयी ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा त्यात मिळाला नाही. हाताच्या हालचालींबाबतही, नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून हे तंत्र वापरून सरावाचा एकूण वेळ वाढवल्यासच लाभ दिसला. शिवाय डोळ्यांवर चढवायच्या हेडसेटने काहींना मळमळ होते किंवा गरगरते. रुग्णाची चूक दुर्लक्षामुळे झाली की थकव्यामुळे, हे शेजारी बसलेल्या थेरपिस्टलाच ओळखावे लागते. म्हणून रुग्णालयांनी हे यंत्र घेताना थेरपिस्टचा वेळ कमी करू नये.