हिरवं बटण, लाल बटण आणि मधला खट्ट आवाज



आज आपण एका लोखंडी डब्याबद्दल बोलणार आहोत. विहिरीवरच्या खोपीत, पिठाच्या गिरणीत, गावाच्या नळपाणी योजनेच्या पंपघरात हा डबा भिंतीवर असतो. त्यावर एक हिरवं बटण, एक लाल बटण. आपण त्याला स्टार्टर म्हणतो. हिरवं दाबलं की आतून ‘खट्ट’ असा आवाज येतो आणि मोटार फिरायला लागते. तो आवाज ज्या वस्तूचा असतो तिचं नाव कॉन्टॅक्टर.

हा विषय आम्ही का निवडला, ते आधी सांगतो. आमच्या गटाची मिरची-हळदीची कांडप गिरणी आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या स्टार्टरला एक खोड लागली. हिरवं बटण दाबून धरलं की मोटार चालायची, बोट काढलं की बंद पडायची. लग्नसराई जवळ आलेली, दारात मिरचीच्या पोत्यांची रांग. दुरुस्तीला बोलावलेल्या माणसाने बटणाच्या फटीत लाकडाची एक कपची ठोकली आणि म्हणाला, “ताई, आता चालवा बिनधास्त.” गिरणी चालली. आम्हीही खूश झालो.

चार दिवसांनी दुपारी लाईट गेली. गिरणी थांबली. पट्टा पुलीवरून थोडा सरकला होता, म्हणून आमची एक मैत्रीण तो हाताने नीट बसवत होती. तेवढ्यात लाईट आली. कोणी बटणाला हात लावला नव्हता, तरी ‘खट्ट’ झालं आणि मोटार फिरली. दुसरी बाई मेन स्विचजवळच उभी होती, तिने झटकन मेन पाडला. मैत्रिणीची बोटं वाचली, पण दोन नखं गेली आणि महिनाभर तिला भाकरी थापता आली नाही. त्यानंतर आम्ही ठरवलं, हा डबा समजून घेतल्याशिवाय गिरणी चालवायची नाही. एका जाणत्या परवानाधारक वायरमनदादांना बोलावलं. त्यांनी मेन बंद करून, फ्यूज काढून डबा आमच्यासमोर उघडला. तेव्हा जे कळलं, ते आज तुम्हाला सांगतो.

पहिला प्रश्न आम्ही हाच विचारला: घरातल्या दिव्याला एक साधं बटण पुरतं, मग मोटारीला एवढा डबा कशाला?

घरातला ९ वॅटचा एलईडी दिवा एका अँपिअरच्या दहाव्या भागाइतकाही प्रवाह घेत नाही. पाच हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटार नीट चालत असताना साधारण सात अँपिअर घेते, आणि सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या पाच-सहा पट. जातं फिरवताना पहिल्या वेढ्याला जोर जास्त लागतो, तसंच हे. शिवाय घरात २३० व्होल्ट असतात, तर मोटारीच्या दोन फेजांमध्ये ४१५. असा प्रवाह तोडताना जोडाच्या जागी ठिणगी उडते. साधं बटण त्या ठिणगीने जळून जाईल आणि हातालाही धोका. त्यातून तिन्ही फेज एकाच वेळी जोडायचे आणि एकाच वेळी तोडायचे असतात. हे जड काम कॉन्टॅक्टर करतो. आपलं बोट फक्त त्याला इशारा देतं, आणि त्या इशाऱ्याला अगदी थोडा प्रवाह पुरतो.

आता आत काय असतं ते बघू. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात एक प्रयोग असतो. लोखंडी खिळ्यावर तांब्याची तार गुंडाळायची आणि तारेची दोन टोकं बॅटरीच्या सेलला लावायची. खिळा टाचण्या ओढून घेतो. सेल काढला की टाचण्या पडतात. तार गुंडाळलेली आणि वीज चालू, तोवरच लोखंडाचं चुंबक. वीज गेली की चुंबकपण गेलं. (हा प्रयोग मुलांनी करायचा तो टॉर्चच्या सेलवरच. घरातल्या प्लगवर कधीही नाही.)

कॉन्टॅक्टरमध्ये हेच असतं. तारेच्या गुंडाळीला कॉईल म्हणतात. तिच्यामध्ये लोखंडाचे दोन तुकडे, एक पक्का बसवलेला आणि एक सरकणारा. दोघांच्या मध्ये स्प्रिंग, ती त्यांना लांब ठेवते. कॉईलला वीज मिळाली की पक्का तुकडा चुंबक होतो आणि सरकणाऱ्याला ओढून घेतो. तोच आपला ‘खट्ट’. सरकणाऱ्या तुकड्यावर तीन जोडपट्ट्या बसवलेल्या असतात. त्या तिन्ही फेजांवर जाऊन बसतात आणि मोटारीला वीज मिळते. कॉईलची वीज तुटली की स्प्रिंग तुकड्याला मागे ढकलते, तिन्ही पट्ट्या एकदम सुटतात, मोटार थांबते.

मग आम्ही विचारलं, हिरव्या बटणावरून बोट काढल्यावरही मोटार चालू कशी राहते?

तीन मोठ्या पट्ट्यांच्या शेजारी एक चौथा, लहान जोड असतो. कॉन्टॅक्टर ओढला गेला की तोही जोडला जातो, आणि कॉईलला वीज मिळण्याची दुसरी वाट उघडते. हिरवं बटण सुरुवात करून देतं. पुढे कॉन्टॅक्टर स्वतःच स्वतःला धरून ठेवतो. लाल बटण ही वाट तोडतं, की धरलेलं सुटतं.

मैत्रिणींनो, यातली खरी गोम अशी आहे. लाईट गेली की कॉईलचं चुंबक जातं, पट्ट्या सुटतात आणि तो लहान जोडही सुटतो. नंतर लाईट आली तरी कॉईलकडे जायला वाटच उरलेली नसते. कोणीतरी येऊन हिरवं बटण दाबेपर्यंत मोटार सुरू होत नाही. हा स्टार्टरचा दोष नाही. तो मुद्दाम तसा केलेला असतो, कारण लाईट गेलेली असताना कोणाचा हात पट्ट्याजवळ असेल, कोणाचा पदर पुलीजवळ असेल, हे यंत्राला कळत नाही. लाईट गेली की सोडून द्यायचं आणि माणसाने सांगितल्याशिवाय पुन्हा धरायचं नाही, एवढंच त्याला ठाऊक.

आमच्या गिरणीत तो लहान जोड मिरचीच्या भुकटीने आणि काजळीने खराब झाला होता. म्हणून बोट काढलं की मोटार बंद पडायची. दुरुस्ती त्या जोडाची करायला हवी होती. मोटारीच्या किमतीपुढे तो भाग अगदी किरकोळ. त्याऐवजी कपची ठोकली, म्हणजे हिरवं बटण कायमचं दाबलेलं राहिलं. लाईट आल्याबरोबर कॉईलला वीज मिळणारच होती. जी राखण फुकटात मिळाली होती, ती आम्ही एका कपचीने घालवली.

शेतातल्या मोटारीला बरेच जण ऑटो स्विच लावतात. तोही हेच काम करतो, लाईट आली की आपोआप मोटार सुरू. त्यामागची अडचण खरी आहे. लाईट रात्री येते, अंधारात साप-विंचवाची भीती असते, सारखं शेतात कोण जाणार? पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, लाईट आल्याबरोबर एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या, तर प्रत्येक मोटार तेव्हा कित्येक पट प्रवाह ओढते. तो भार डीपीवर पडतो. डीपी जळली की पाणी सगळ्यांचंच बंद. दुसरी, विहिरीवर धुणं धुणाऱ्या बाईला आणि पाइपशी खेळणाऱ्या लेकराला ही मोटार कधी सुरू होईल ते माहीत नसतं. मोबाईलवरून सुरू होणाऱ्या मोटारीचंही तसंच. म्हणून अशा मोटारीशेजारी लाल रंगाने मोठ्या अक्षरात लिहा: ‘ही मोटार आपोआप सुरू होते’. आणि मेन पाडल्याशिवाय तिला हात लावू नका.

डब्यात कॉन्टॅक्टरच्या खाली आणखी एक भाग असतो, ओव्हरलोड रिले. त्यात दोन वेगळ्या धातूंच्या एकमेकींना चिकटवलेल्या पट्ट्या असतात. मोटारीने बराच वेळ जास्त प्रवाह ओढला की त्या तापतात. एक धातू जास्त पसरतो, एक कमी, म्हणून पट्टी वाकते आणि कॉईलची वाट तोडते. कॉन्टॅक्टर सुटतो, मोटार जळण्यापासून वाचते. या रिलेवर अँपिअरचे आकडे असलेली चकती असते. ती मोटारीच्या पाटीवरच्या आकड्यानुसार लावायची. ‘सारखी ट्रिप होते’ म्हणून कोणी चकती पुढे फिरवली, तर ट्रिप व्हायची थांबेल, पण पुढच्या खेपेला मोटार जळेल. रिले का पडतो ते शोधा: गिरणीत माल जास्त कोंबला आहे का, बेअरिंग धरलं आहे का, एखादा फेज गेला आहे का.

फेज जाण्याचा धोका वेगळा आहे. तीनपैकी एक फेज गेला की मोटार गुरगुरते आणि उरलेल्या दोन फेजांमधून जास्त प्रवाह ओढते. कॉईल जर त्याच उरलेल्या दोन फेजांवर असेल, तर कॉन्टॅक्टर सुटतच नाही. त्याच्या मते सगळं ठीक चाललेलं असतं. म्हणून वेगळा सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवतात. नवी मोटार घेताना तो आहे का, हे जरूर विचारा.

आता बाहेरून, डबा न उघडता, आपल्याला काय ओळखता येतं ते सांगतो.

कॉन्टॅक्टर मोठ्याने गुणगुणत असेल, तर लोखंडाच्या दोन तुकड्यांमध्ये धूळ, गंज बसलेला असतो किंवा ते नीट चिकटत नाहीत. ‘चटचट चटचट’ असा सारखा आवाज येत असेल, तर बहुतेक व्होल्टेज कमी असतं. चुंबकाला जोर पुरत नाही, तो धरतो आणि सोडतो. प्रत्येक वेळी ठिणगी पडते आणि जोड जळतात. लगेच लाल बटण दाबा. बोट काढल्यावर मोटार बंद पडत असेल, तर तो चौथा लहान जोड बघायला सांगा. जळका वास आला तर गिरणी बंद करा.

आणि सगळ्यात वाईट खूण म्हणजे लाल बटण दाबलं तरी मोटार थांबत नाही. ठिणग्यांनी जोडपट्ट्या एकमेकींना चिकटून बसलेल्या असू शकतात. तेव्हा बटणावर वेळ घालवू नका, सरळ मेन पाडा.

आणखी एक गैरसमज काढून टाकू. लाल बटण दाबून मोटार थांबली, म्हणजे डब्यातली वीज गेली असं नाही. कॉन्टॅक्टरच्या वरच्या बाजूच्या तिन्ही वायरींत वीज असतेच. आपण नळ बंद केला तरी पाइपात पाणी असतं, तसं. म्हणून पट्टा बसवायचा असो, चाळण बदलायची असो की नुसता पुसायचा असो, आधी मेन पाडायचा आणि फ्यूज काढून आपल्या कनवटीला लावायचे. आमच्या गटात आता हाच नियम आहे. ज्या बाईचा हात यंत्रात, फ्यूज तिच्याजवळ. मग दुसरं कोणी चुकूनही चालू करू शकत नाही.

डब्याच्या आतलं काम मात्र परवानाधारक वायरमनचंच. आपण ते करायचं नाही. पण काम होताना आपण उभं राहायचं आणि विचारायचं: हा जोड बदलला का? चकती कितीवर लावली? अर्थिंग तपासलं का? डब्याची भोकं बुजवली का, पाली आणि मुंग्या आत जातात. “बायकांना यातलं काय कळतं” असं कोणी म्हणालं तर म्हणू दे. मोटार जळली तर रिवाइंडिंगचे पैसे आपल्याच गटाच्या पेटीतून जातात, आणि हातही आपलेच असतात.

आमच्या त्या मैत्रिणीची नखं पुन्हा आली. गिरणी आजही तीच चालवते. ती लाकडाची कपची आम्ही फेकली नाही. ती दोऱ्याने बांधून स्टार्टरशेजारी खिळ्याला टांगली आहे. नवी बाई गिरणीवर कामाला आली की आधी तिच्या हातात ती कपची देतो, मग ही सगळी हकीकत सांगतो आणि त्यानंतरच तिला हिरवं बटण दाखवतो.

या आठवड्यात तुम्ही एवढं करा. आपल्या गिरणीतल्या, विहिरीवरच्या स्टार्टरजवळ जा. बटणात काडी, कपची, दोरी, रबर काही अडकवलेलं आहे का, ते लांबूनच बघा. असेल तर मेन पाडा आणि वायरमनला निरोप धाडा. आणि पुढच्या बैठकीत हा विषय काढा.