बाबा कुठं गेला?

आमच्या गल्लीच्या टोकाला मारुतीचं देऊळ आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात करोनामुळे राज्यातली सगळी देवळं बंद होती, तसं याच्याही दाराला कुलूप होतं. त्या दाराशी एक पाच वर्षांची मुलगी रोज संध्याकाळी येऊन उभी राहायची. जाळीला नाक लावून आत बघायची. मला वाटलं, मारुती बघत असेल. एक दिवस विचारलं, "काय गं, काय बघतेस?" तर म्हणाली, "बाबा दिसतोय का बघते. आजी म्हणाली, देवाघरी गेलाय."

तिचं खरं नाव इथे लिहीत नाही, छकुली म्हणूया. एप्रिलमध्ये तिचे वडील करोनानं गेले. स्वतःच्या पायांनी रिक्षात बसून दवाखान्यात गेले, ते परत आलेच नाहीत. त्या दिवसांत देह घरी आणता येत नव्हता. पोरीनं काही पाहिलं नाही, कुणी काही नीट सांगितलं नाही. "देवाघरी गेला," एवढंच आजी बोलली. आजीला तरी कसा दोष द्यायचा? आपल्याकडे असंच म्हणतात, आणि तिचा तर पोटचा मुलगा गेला होता.

पण लहान मूल शब्द जसाच्या तसा घेतं. देवाचं घर म्हणजे देऊळ. देवळाला कुलूप. म्हणजे बाबा आत अडकलाय!

आमच्या महिला मंडळाची मुलांच्या पुस्तकांची पेटी मी बरीच वर्षं सांभाळते आहे. त्यामुळे मला लगेच वाटलं, आपल्याकडे यावर पुस्तक आहे. मोठी रंगीत चित्रं, त्यात एक आजोबा वारतात आणि आकाशात तारा होऊन नातवाकडे बघत राहतात. मे महिन्याच्या शेवटी मी ते छकुलीला नेऊन दिलं. तिला फार आवडलं. रोज रात्री आईला घेऊन गच्चीवर जायची. बाबाचा तारासुद्धा ठरवून टाकला होता. मी मनात खूश! आणि मग जून उजाडला, पाऊस आला, आभाळ भरून आलं. एक रात्र नाही, दोन नाही, ताराच दिसेना. तिची आई एका सकाळी पुस्तक घेऊन आली. "ताई, रागावू नका, पण हे परत घ्या. पोरगी जेवत नाही. म्हणते, मी काल दूध सांडलं म्हणून बाबा आला नाही."

मला मान वर करून तिच्याकडे बघवेना. देवळाचं कुलूप आजीनं लावलं नव्हतं, पण हे आभाळाचं कुलूप मात्र मीच लावलं होतं.

मैत्रिणींनो, त्यानंतर मी पेटीतलं एकेक पुस्तक काढून पुन्हा वाचलं. मारिया नागी नावाच्या बाईंनी हंगेरीतल्या मुलांशी मरणाविषयी बोलून केलेला अभ्यास १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात तीन ते पाच वर्षांची मुलं मरणाला झोप किंवा लांबचा प्रवास समजत होती, म्हणजे जिथून परत येता येतं असं काहीतरी. आता विचार करा, याच वयाच्या मुलांना आपण काय सांगतो? बाबा झोपलेत. बाबा लांब गेलेत. देवाला चांगली माणसं आवडतात म्हणून त्यानं नेलं. मग मूल झोपायला घाबरतं, आई बाजारात निघाली तरी पदर सोडत नाही, आणि एखादं तर मुद्दाम वाईट वागायला लागतं, देवाला आपण आवडू नये म्हणून!

तेव्हा अशा वेळी पुस्तक निवडताना मी आता सगळ्यात आधी एकच बघते. या पुस्तकात 'मेला', 'वारली' हा शब्द आहे का? असेल तर पुढची पानं. शब्द चुकवून नुसते फुलपाखरं, ढग, तारे असतील, तर चित्रं कितीही गोड असोत, लहान मुलासाठी ते बाजूला. श्रद्धेला माझा विरोध नाही. माझ्याही देवघरात रोज दिवा लागतो. पण आधी खरं सांगावं, मग देवाचं. उलटं केलं की घोटाळा होतो.

मी छकुलीच्या आईला म्हटलं, तूच तिला सरळ सांग. ती म्हणाली, "ताई, तो शब्द माझ्या तोंडातून निघत नाही." तेव्हा मला उमगलं की पुस्तक फक्त मुलीला नको होतं, आईलाही हवं होतं. जे आपल्याला बोलता येत नाही, ते छापलेलं असलं की नुसतं वाचायचं असतं.

माझ्या भाचीनं कधीतरी पुण्याहून एक इंग्रजी पुस्तक आणून दिलं होतं, सुझन वार्ले यांचं 'बॅजर्स पार्टिंग गिफ्ट्स', १९८४ सालचं. म्हातारा बॅजर मरतो. त्याचे मित्र फार रडतात. पुढे एकेक जण आठवण काढतो, त्यानं मला हे शिकवलं, मला ते शिकवलं. कुणाला कागद कातरायला, कोल्ह्याला टायची गाठ मारायला. इंग्रजी वाचून दाखवण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी वहीच्या कागदांवर मराठीत लिहून त्या त्या पानाला टाचणीनं लावलं. बॅजर आमच्या पोरांना कुठून माहीत असणार! त्याचं मी म्हातारं मुंगूस केलं आणि टायच्या जागी कोल्ह्याला फेटा बांधायला शिकवला. चित्रात टाय आणि वाचताना फेटा, पण मुलांची तक्रार नव्हती.

आधी मी आणि तिची आई, दोघीच बसून ते वाचलं. तिचा आवाज दोनदा अडकला. मी म्हटलं, घरी ने, घाई करू नकोस, आणि रात्री झोपताना तर मुळीच वाचू नकोस, दिवसाउजेडी वाच. चार दिवसांनी तिनं वाचलं. छकुलीनं विचारलं, "बाबा पण मेला?" आई म्हणाली, "हो." "परत नाही येणार?" "नाही." थोडा वेळ ती गप्प बसली, मग म्हणाली, "मग त्याची चप्पल कुणाची?" दाराशी चप्पल तशीच होती. दोघी तिथेच बसून रडल्या. आईनं मला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ताई, एप्रिलपासून मी पहिल्यांदा तिच्यासमोर रडले."

दुसऱ्या दिवशी छकुलीनं आपणहून सांगितलं, बाबानं मला सायकलचा स्टँड काढायला शिकवलंय.

दुसरी गोष्ट माझ्या हातून जवळजवळ चुकलीच होती. माधुरी पुरंदरे यांची ज्योत्स्ना प्रकाशनानं काढलेली 'राधाचं घर' ही पुस्तकं आमच्या पेटीत आहेत, घरातल्या माणसांची. त्यात बाबाही आहेत. आजी म्हणाली, "बाई, ते नका देऊ, लेकराला दुखेल." मलाही पटलं, मी ती खाली ठेवून दिली. छकुलीनं पेटी उपसून नेमकी तीच काढली! बाबांच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "माझा बाबा असा नव्हता, त्याला मिशी होती." आणि मग अर्धा तास बाबाविषयीच बोलत होती. मूल काय झेपेल ते बघूनच मागतं. म्हणून मी आता एकच पुस्तक हातात देत नाही, तीन-चार पसरून ठेवते. त्यात एखादं विनोदीही असतं. दुःखातल्या मुलाला हसायला बंदी नाही. वाचून झाल्यावर "काय शिकलीस?" हा प्रश्न तर तोंडातून काढायचाच नाही.

शेवटच्या पानावर उपदेश असलेली पुस्तकंही मी टाळते. 'आता तू शहाण्यासारखं वाग, आईला त्रास देऊ नकोस', असलं काही असेल तर नकोच. वडील गेलेल्या मुलाला सगळं गाव तेच सांगत असतं.

मोठ्या मुलांना, म्हणजे आठ-नऊच्या पुढे, 'तोत्तोचान' मोठ्यानं वाचून दाखवता येतं. चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टचा आहे. पोलिओ झालेल्या मित्राला तोत्तोचान झाडावर चढवते, आणि पुढे तो मित्र वारतो. तिथे वाचणाऱ्यानं थोडं थांबावं, मुलं आपणहून बोलतात. घरात नवं बाळ येणार असेल तर पुरंदरे यांचंच 'काकूचं बाळ' आहे. पैशांची अडचण असेल तर प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' २०१५ पासून आहे. त्यावर मराठी गोष्टीही फुकट वाचता येतात, उतरवून छापूनही घेता येतात. मोबाइलवर वाचायचं असेल तर मुलाच्या हातात फोन देऊन आपण भाकऱ्या करायला निघून जाऊ नका, एवढंच. अंगाला नकोसा हात लावण्याविषयीची पुस्तकं निघाली आहेत, ती वाचताना तर शेजारी बसायलाच हवं. कारण मूल काही सांगून बसलं तर त्यावर विश्वास ठेवणं आणि १०९८ ला फोन करणं, हे पुस्तक करणार नाही.

छकुलीचं पुस्तक शेवटी घरीच तयार झालं. शंभर पानी वही, वर बाबाचा फोटो. रिक्षाचं चित्र, स्टँडवर लावलेली सायकल, मिशी. दवाखान्याच्या चित्रात तिनं खिडक्याच काढल्या नव्हत्या. आजी आधी त्या वहीकडे बघायचीही नाही. मग एक दिवस तिनं विचारलं, "त्याला लहानपणी कुत्रं चावलं होतं, ते घेतलंस का?"

७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, देवळं उघडली. आजी नातीला घेऊन मारुतीला गेली. मी दारातच भेटले. छकुलीनं आत सगळीकडे नजर टाकली, तीर्थ घेतलं आणि घरी जायची घाई केली. तिचं चित्र अर्धं राहिलं होतं.

मागच्या महिन्यात आमच्या अंगणवाडीच्या सेविका आल्या होत्या. एका मुलाची आजी वारली, तो बोलायचाच बंद झालाय म्हणाल्या. मी तीन पुस्तकं दिली, त्यात ते टाचणीवालं मुंगसाचंही होतं. आधी तुम्ही स्वतः वाचा, मग त्याच्या आईला द्या, असं सांगितलं. पुस्तकं अजून परत आलेली नाहीत. मीही विचारलेलं नाही.