झिंग्याचे माहेर

गोंदियाला तलावांचा जिल्हा म्हणतात, ते उगाच नव्हे. नवेगावबांधसारखा विस्तीर्ण जलाशय असो की गावाच्या कुशीतली लहानशी बोडी. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले इथले मालगुजारी तलाव आजही धानाला पाणी आणि ढिवरांना मासळी देतात. पाणी सारे गोडे. मिठाशी त्याचा संबंध येतो तो थेट रश्श्यात!

१९९८ साली मी या भागातल्या एका बँक शाखेत कर्ज अधिकारी होतो. तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. एका मच्छीमार संस्थेचा अर्ज माझ्या टेबलावर आला. तलावात मोठा झिंगा सोडायचा, त्याचे बीज दरवर्षी बाहेरून आणायचे. मी लाल शाईने शेरा मारला : 'दुसऱ्या वर्षी बीज विकत कशाला? स्वतःच्याच माद्यांपासून तयार करावे.' आणि ती रक्कम कापली. काटकसर केल्याचे समाधानही वाटले.

दुसऱ्या वर्षी संस्थेने माझा शेरा शब्दशः पाळला. पोटाशी नारिंगी अंडी धरलेल्या माद्या सिमेंटच्या टाक्यात ठेवल्या. वीसेक दिवसांत अंडी करडी झाली, हजारो पिल्ले पाण्यात तरंगू लागली. "निघाली होती जी साहेब," संस्थेचे म्हातारे अध्यक्ष म्हणाले, "दोन दिवसांत सारी गेली." तो हंगाम तलावात झिंगा पडला नाही. काही घरे धान कापायला परगावी गेली.

कारण मला फार उशिरा कळले. या झिंग्याची आई गोड्या पाण्यात राहते, पण पिल्लांना सुरुवातीला मचूळ पाणी लागते. लिटरला बारा-पंधरा ग्रॅम मीठ, म्हणजे समुद्राच्या खारटपणाचा साधारण तिसरा हिस्सा. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मलेशियात शाओ-वेन लिंग यांनी हे उलगडले, तेव्हा कुठे या झिंग्याची पैदास माणसाच्या हाती आली. पिल्लू अकरा वेळा कात टाकते, मगच त्याला झिंग्याचे रूप येते आणि ते गोड्या पाण्यात रमते.

या दिवसांत त्याला भरवतात तो जीव आणखी नवलाचा. आर्टेमिया हे त्याचे नाव. वस्ती मिठागरांत आणि खाऱ्या सरोवरांत. त्याची सुकी अंडी धुळीसारखी वर्षानुवर्षे पडून राहतात, आणि कोमट खाऱ्या पाण्यात टाकली की दिवसाभरात फुटतात. पिल्लू अर्ध्या मिलिमीटरहून लहान. त्याचे कवच ताणत नाही. म्हणून वाढायचे तर जुने टाकायचे, पाणी शोषून फुगायचे, नवे घट्ट होऊ द्यायचे. असे पंधराएक वेळा केल्यावर सेंटीमीटरभर देह होतो. पिल्लाच्या मानेजवळचा एक अवयव अंगातले जादा मीठ बाहेर टाकत राहतो. पाणी फारच खारट झाले, की त्यातला प्राणवायू कमी होतो, मीठ उपसण्यातच शक्ती जाते आणि वाढ मंदावते. मग हा जीव तिथे राहतो तरी कशाला? कारण त्याला खाणारे मासे तिथवर पोचत नाहीत. सुरक्षिततेची किंमत तो वाढीने चुकती करतो. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला हा व्यवहार चटकन कळतो!

निवृत्तीनंतर मी त्या गावी गेलो. अध्यक्ष आता खाटेवरच होते. माझी चूक कबूल केली, मिठाची गोष्ट सांगितली. नद्यांमध्ये ही मादी अंडी घेऊन खाडीपर्यंत उतरते, हेही सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे बाळंतपणाला माहेरी जावं लागते जी तिला. आमाले कोणी सांगतलं असतं, तर आमी पोचवून देलं असतं."

त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला. मला मात्र तो लाल शाईचा शेरा आठवत राहिला.