भुवयांची अब्रू

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

फारसी भाषेत भुवईला ‘अब्रू’ म्हणतात. आपल्या मराठीतली अब्रू वेगळी. ती ‘आब’ आणि ‘रू’ या दोन शब्दांची जोडी आहे. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचे पाणी ते अब्रू. हे दोन शब्द कानाला सारखे लागतात, एवढेच त्यांचे नाते. पण फारसीतली अब्रू, संस्कृतातली भ्रू, आपली भुवई आणि इंग्रजांचा ‘ब्रो’ ही मंडळी मात्र खरोखरच एका कुळातली आहेत. आमच्या कळवणला कॉलेजच्या मुली ‘आयब्रो करून येते’ म्हणतात, तेव्हा त्या आपल्याच घराण्यातला, सातासमुद्रापार जाऊन आलेला शब्द वापरत असतात.

गझलेने या भुवईचे फार लाड केले. कधी ती धनुष्य झाली, कधी मशिदीची मेहराब, कधी ईदचा कोवळा चंद्र. संस्कृत कवींनाही तिच्यात मदनाचे धनुष्यच दिसले. बोलीतही ती आहेच. आश्चर्य वाटले की आपल्या भुवया उंचावतात, राग आला की चढतात.

कवितेतून खाली उतरून पाहिले तर भुवईचे पहिले काम अगदी साधे आहे. चैत्रात आमच्याकडे कांदा काढणी चालते. भर उन्हात वाकून काम करणाऱ्या बाईच्या कपाळावरून घामाच्या धारा निघतात. भुवयांचे केस आणि खालच्या हाडाची कमान तो घाम कडेला वळवतात आणि डोळे वाचवतात. शेताच्या बांधावर पाणी अडते, वळते, तसेच हे आहे.

दुसरे काम ओळख देण्याचे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नामवंत व्यक्तींच्या छायाचित्रांतून त्यांनी एकदा डोळे पुसले आणि एकदा भुवया. डोळे नसलेल्या चेहऱ्यापेक्षा भुवया नसलेला चेहरा ओळखणे लोकांना जास्त जड गेले. पुढे २०१८ मध्ये इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी असे मत मांडले की, आदिमानवाच्या कपाळावरचा हाडाचा जाड कंगोरा नाहीसा झाल्यावर भुवया मोकळेपणी हलू लागल्या आणि माणसाला न बोलता माया, संशय, दिलासा दाखवता येऊ लागला. म्हणून भुवई कोरायला बसताना आपण आपल्या बोलक्या अवयवाला हात लावतो आहोत, हे लक्षात असू द्यावे.

आता घरच्या घरी भुवया कशा नीट कराव्यात ते सांगते. पार्लर सगळ्यांच्या गावात नसते, आणि असले तरी दर महिन्याला एसटीचे तिकीट काढून जाणे परवडतेच असे नाही.

आधी केसाचा स्वभाव समजून घ्यावा. डोक्याचा एक केस काही वर्षे वाढत राहतो. भुवईचा केस जेमतेम एक-दोन महिने वाढतो, मग काही महिने नुसता थांबतो आणि गळतो. म्हणूनच भुवया वेणीइतक्या लांब होत नाहीत. त्याचा दुसरा अर्थ असा की, चुकून जास्त उपटलेली भुवई भरून यायला तीन-चार महिने लागू शकतात. वर्षानुवर्षे तीच जागा उपटत राहिले तर मुळे दुखावतात आणि केस परत येतही नाहीत. एकेकाळी रेघेसारख्या बारीक भुवयांची टूम होती. तेव्हा हौसेने कोरलेल्या कितीतरी भुवया आज पेन्सिलीने भराव्या लागतात.

साहित्य थोडेच लागते. चांगला प्लकर, लहान कात्री, जुना पण स्वच्छ धुतलेला टूथब्रश, एक पेन्सिल आणि आरसा. प्लकर स्पिरिटने पुसून घ्यावा, हात साबणाने धुवावेत. दिव्याखाली बसू नये. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात बसावे. आंघोळ झाल्यावर किंवा कोमट पाण्यात पिळलेले फडके दोन मिनिटे ठेवल्यावर कातडी मऊ पडते आणि दुखते कमी.

आकार ठरवायला पेन्सिलीचे माप पुरते. नाकपुडीच्या कडेपासून पेन्सिल सरळ उभी धरा. ती डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरून जिथे पोचते, तिथे भुवई सुरू व्हावी. मग समोर पाहत पेन्सिल बुबुळाच्या बाहेरच्या कडेवरून तिरपी करा, तिथे कमानीची सर्वांत उंच जागा. नाकपुडीपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून ती जिथे टेकते, तिथे भुवईचा शेवट. या तिन्ही ठिकाणी बारीक ठिपका द्यावा. मैत्रिणीच्या किंवा नटीच्या भुवईचे माप आपल्याला बसत नाही, कारण आपले हाड वेगळे असते.

मग टूथब्रशने केस वर विंचरावेत. रेषेबाहेर फार लांब डोकावणारी टोके तेवढी कात्रीने छाटावीत. त्यानंतर प्लकर. एका हाताने कातडी ताणून धरावी, एका वेळी एकच केस मुळाशी धरावा आणि ज्या दिशेला वाढतो त्याच दिशेला ओढावा. उलट ओढला तर केस मध्येच तुटतो आणि पुढे कातडीखाली वळून पुटकुळी येते. केस काढायचे ते भुवईच्या खालचे आणि नाकाच्या वरच्या मधल्या जागेतले. वरची रेषा शक्यतो तशीच ठेवावी, कमान तिच्यावरच उभी असते. चार केस उजवीकडचे, मग चार डावीकडचे, आणि दर वेळी आरसा हातभर लांब धरून पाहावे. दोन्ही भुवया हुबेहूब करण्याच्या नादात दोन्ही संपतात. निसर्गाने त्या सख्ख्या बहिणी केल्या आहेत, जुळ्या नव्हेत.

दोऱ्याचे काम जास्त सफाईचे, पण त्याला हात बसावा लागतो. सुती दोऱ्याची गाठ मारून वर्तुळ करायचे, मध्ये आठ-दहा पीळ द्यायचे आणि एका हाताची बोटे उघडत दुसऱ्याची मिटत न्यायची. पीळ सरकतो आणि केस त्यात अडकून निघतो. पहिली सवय पायाच्या केसांवर करावी. इराणात या दोऱ्याच्या कलेला ‘बंदअंदाजी’ म्हणतात आणि लग्नाआधी नवरीचा चेहरा साफ करण्याचा तिथे सोहळाच असे. दुसऱ्याकडून करून घेताना मात्र दोरा नवा असावा, आणि दातात धरलेला भाग आपल्या कातडीला लागू नये, एवढे हक्काने सांगावे.

काम झाल्यावर थंड पाण्याचे फडके किंवा रुमालात गुंडाळलेला बर्फ ठेवावा. कोरफडीचा गर चालतो. काही तास पावडर-क्रीम लावू नये. पुरळ, जखम, गळू असेल तर हात लावू नये. केस काढायची क्रीमे डोळ्याजवळ नेऊ नयेत. आणि केसांचा काळा डाय भुवयांना लावू नये, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. अमेरिकेत १९३३ च्या सुमारास ‘लॅश ल्यूर’ नावाच्या पापण्या-भुवयांच्या रंगाने बायकांचे डोळे गेले होते. तिथे १९३८ मध्ये सौंदर्यप्रसाधनांवर कायदा आला, त्यामागे हेही एक कारण होते. त्या रंगातले रसायन आजही पुष्कळ काळ्या डायमध्ये असते. राहिले एरंडेल. त्याने केस मऊ आणि चमकदार दिसतात. नवे केस उगवतात हे काही सिद्ध झालेले नाही.

आता घरातल्या वादाबद्दल. आमच्या मुसलमान घरांत थोरल्या बायका हदीसचा दाखला देतात. भुवया उपटून बारीक करण्याविषयी तिथे कडक शब्द आहेत, हे खरेच. त्याची मर्यादा कुठवर, नाकावर जुळलेले केस काढावेत की नाही, यावर आलिमांमध्ये मतभेद आहेत. शेजारच्या हिंदू घरात हदीस नसते, पण ‘लग्नाआधी पोरीने भुवया कोरायच्या नाहीत’ हा दंडक तिथेही ऐकू येतो. इराणातही जुनी रीत तीच. धर्म वेगवेगळे, पण मुलीच्या चेहऱ्यावरची पहारेदारी एकसारखी. भुवई कोरली की घराची अब्रू जाते, असे मानणारे लोक दोन शब्दांची गल्लत करतात. जिला श्रद्धेने हात लावायचा नाही तिने लावू नये, तिला कोणी गावंढळ म्हणू नये. जिला नीट राहायचे आहे तिला कोणी चवचाल म्हणू नये. एवढे दोन्हीकडून पाळले तर पुष्कळ झाले.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. भुवई न कोरताच विरळ होऊ लागली तर पेन्सिल उचलू नका, दवाखान्यात जा. बाहेरचा तिसरा हिस्सा झडत असेल, अंगात थकवा असेल, वजन वाढत असेल, तर थायरॉईडची तपासणी करावी. भुवया विरळ होताहेत, चेहऱ्याची कातडी तेलकट-गुळगुळीत झाली आहे, कानाच्या पाळ्या जाड झाल्या आहेत किंवा अंगावर बधिर चट्टा आहे, तर ती कुष्ठरोगाचीही खूण असू शकते. हा रोग देशपातळीवर आटोक्यात आल्याचे २००५ च्या अखेरीस मोजले गेले, पण नवे रुग्ण आजही सापडतात, आपल्या आदिवासी पाड्यांवरही. सरकारी दवाखान्यात त्याची औषधे फुकट मिळतात आणि वेळेवर घेतली तर माणूस पूर्ण बरा होतो, हातापायांना व्यंग येत नाही. लाजेपोटी पेन्सिलीने रेघ ओढून झाकलेले ते दोन-चार महिनेच पुढे महाग पडतात.

आरशात आपण रोज पाहतो. आठवड्यातून एकदा सुंदर दिसण्यासाठी नव्हे, नुसते बदल टिपण्यासाठी पाहावे. आपल्या आईच्या, सासूच्या भुवयांकडेही पाहावे. त्यांना आरशासमोर बसायला सवड मिळत नाही.