कॅमेरा घेऊन चौलला जाताना

आमच्या ओळखीतली पाच मुले मुंबईत मास मीडिया शिकतात. शेवटच्या वर्षाला त्यांना पंधरा मिनिटांचा लघुपट करायचा आहे. विषय घेतला आहे पाण्याचा आणि कथा घडते एका जुन्या बंदराच्या शहरात. लोकेशन बघायला चौलला जायचे ठरले तेव्हा त्यांनी आम्हालाही सोबत ओढले. वकील बरोबर असला की माणसे जरा नीट बोलतात, असा त्यांचा समज. (आमचा अनुभव तसा नाही, पण ते असो.)

अलिबागहून मुरूडच्या रस्त्याने चौल गाठले. मुलांच्या हातात यादी होती : रेवदंड्याचा किनारा, पोर्तुगीजांची तटबंदी, पडके चर्च, सातखणी मनोरा, रामेश्वराची पुष्करणी, कोर्लईचा किल्ला. गाडीतून उतरताच पहिला प्रश्न आला, "काका, पण शहर कुठाय?"

प्रश्न चुकीचा नव्हता. जिकडे बघावे तिकडे नारळी-पोफळीच्या वाड्या. शहर या वाड्यांखाली गाडले गेले आहे. पेरिप्लसच्या ग्रीक लेखकाने दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणनंतरचे बंदर म्हणून ज्या सेमिल्लाचे नाव घेतले, टॉलेमीने ज्याची नोंद केली, तेच हे चौल. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी इथे उत्खनन करून सातवाहनकालीन अवशेष उजेडात आणले. आणि कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत याच गावाचे नाव येते, चेमुल. चेमुलच्या एका हेरणिकाच्या, म्हणजे सोनाराच्या, घराण्याने कान्हेरीच्या भिक्खू संघाला पाण्याची पोढी दान दिली. पोढी म्हणजे खडकात खोदलेले टाके.

आता हे डोळ्यांपुढे आणा. चौलचा सोनार तथागतांच्या संघासाठी पाण्याचे टाके खोदून देतो. आणि त्यानंतर अठराएकशे वर्षांनी, चौल ज्या कुलाबा जिल्ह्यात होते त्याच जिल्ह्यातल्या महाडला, 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना ओंजळभर पाण्यासाठी हजारोंना घेऊन चवदार तळ्यावर जावे लागते! नगरपालिकेने 1924 सालीच ठराव करून तळे खुले केले होते. तरी सनातनी कोर्टात गेले, आम्हाला तळ्याबाहेर ठेवण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे म्हणाले. मुंबई हायकोर्टाने 17 मार्च 1937 रोजी ही वहिवाट सिद्ध होत नाही असा निकाल दिला. पाण्याची कथा शोधत निघालेल्या आमच्या मुलांच्या यादीत चर्च होते, मनोरा होता, पण चेमुलचा सोनार नव्हता. चौलला हिंगलाज देवीच्या डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी आहेत, तीही नव्हती. दोष मुलांचा नाही. त्यांना कोणी सांगितलेच नाही. पंधराव्या शतकात चौलला उतरलेल्या अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्यावर ख्वाजा अहमद अब्बास यांनी 1957 साली 'परदेसी' हा चित्रपट केला. रेवदंड्यात त्याचा स्मारकस्तंभही उभा आहे. चांगली गोष्ट आहे. पण परदेशी पाहुण्याला पडदा मिळाला आणि घरच्या दात्याला?

दुपारी एका वाडीत विहीर आणि रहाट दिसला. मुले हरखली. मालक आधी गोड बोलले, शहाळी देतो म्हणाले. मग आडनाव विचारले. एकाने सांगितले. मालकांना एकदम आठवले की पुढचे दोन महिने वाडीत काम चालू आहे. वाडी खाजगी, विहीर खाजगी, कारण न देताही ते नाही म्हणू शकतात. घटनेच्या कलम 15(2) मध्ये विहिरी, तळी, रस्ते आहेत, पण सरकारी पैशावर चालणारे किंवा जनतेला वाहिलेले. आम्ही मुलांना हे समजावले तेव्हा त्यांचे चेहरे पडले. कायदा कुठे संपतो हेही माहीत असावे लागते.

पण त्याच दिवशी संध्याकाळी आमचीच मान खाली गेली. परतताना एक कातकरी वाडी लागली. मुलांनी धडाधड फोटो काढायला सुरुवात केली. कुडाची घरे, हंडे, उघडी पोरे. "सर, दारिद्र्याला याच्यापेक्षा चांगलं बॅकग्राऊंड मिळणार नाही," असे एक जण म्हणालासुद्धा. एक म्हातारी पुढे आली आणि एवढेच म्हणाली, "बाबा, इचारलं का कोणाला?"

वाडीच्या मालकापुढे अर्ज लिहून हात जोडणारे आम्ही, या म्हातारीला विचारावे हे आमच्यापैकी कोणालाही सुचले नाही. नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' केला तो विद्यार्थी असतानाच. त्यातला मुलगा बॅकग्राऊंडला उभा नाही, तो कथेच्या मधोमध आहे. हे आम्ही गाडीत बसल्यावर बोललो. बोलायला हवे होते वाडीत शिरण्यापूर्वी.

म्हातारीची माफी मागून मुलांनी तिच्यासमोर फोटो पुसून टाकले. मग तिने चहा पाजला आणि पाणी कुठून आणावे लागते ते स्वतःहून अर्धा तास सांगितले. कॅमेरा पिशवीतच होता.

यादी आता बदलली आहे. पहिले नाव हिंगलाजच्या लेण्यांचे, दुसरे कान्हेरीच्या टाक्यांचे. कान्हेरी संरक्षित स्मारक, शिवाय राष्ट्रीय उद्यानाच्या आत, म्हणजे पुरातत्त्व खाते आणि वनखाते अशी दोन दारे ठोठवावी लागतील. अर्ज आम्ही तपासून दिले. खाली पाचही जणांनी आपापली नावे आडनावासकट, ठळक अक्षरांत लिहिली आहेत. तिसरा कागद कोणत्याही खात्याचा नाही. तो घेऊन मुले येत्या रविवारी कातकरी वाडीवर जाणार आहेत, त्या म्हातारीला वाचून दाखवायला.