ओहोटीच्या वाटेवर घोड्याची स्वारी

आपल्या या अंकात लागण, खोडवा, पाणी, खत आणि भाव यांचेच विषय बहुधा असतात आणि ते असलेच पाहिजेत. पण मांजरीच्या शिबिराहून परतताना आपल्या काही सभासदांनी जो एक दिवस समुद्रकाठी घालवला, त्याची हकीकत सांगावी असा बऱ्याच जणांचा आग्रह पडला. नुसती मौजमजा असती तर आम्ही छापली नसती. त्या दिवशी जनावराबद्दल चार गोष्टी नव्याने कळल्या आणि त्या शेतकऱ्याच्या उपयोगाच्या आहेत, म्हणून हा लेख.

मांजरी आणि घोडा

मांजरी बुद्रुक म्हटले की आपल्याला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आठवते. सहकारी साखर कारखान्यांनी १९७५ साली डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ती उभी केली आणि वसंतदादा पाटील यांच्या निधनानंतर १९८९ साली तिला त्यांचे नाव दिले. बेणे, ऊती संवर्धन, माती परीक्षण पाहायला आपले सभासद तिथे जातात, रोपवाटिकेत रमतात आणि पिशवीत माहितीपत्रके भरून परत येतात.

पण मांजरीच्या माळाला आणखी एक ओळख आहे, ती घोड्यांची. मांजरी-हडपसरच्या या पट्ट्यात शर्यतीच्या घोड्यांच्या पैदाशीची जुनी फार्मे आहेत. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला सीरम तयार करण्यासाठी दिले जात. तेच सीरम आपण इथेच का करू नये, या विचारातून पूनावाला यांच्या घोड्यांच्या फार्मवर १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. आज लशींसाठी जगभर नाव असलेल्या या संस्थेचे मूळ असे घोड्याच्या तबेल्यात आहे.

शिबिरात रात्री जेवणानंतर हा विषय निघाला. एक वडीलधारे सभासद म्हणाले, "अहो, आमच्या आजोबांच्या दारात घोडी होती. भीमथडीचं तट्टू. बाजारला, लग्नाला त्याच्यावरनंच जायचे. आम्ही मात्र वरातीतल्या नवरदेवाशिवाय घोड्यावर बसलेला माणूस बघितला नाही." त्यावर तरुण मंडळींनी ठराव मांडला की उद्या एक दिवस हाताशी आहे, अलिबागला जाऊ, किल्ला पाहू आणि घोड्यावरही बसू. ठराव बिनविरोध मंजूर झाला. सर्वसाधारण सभेत असे क्वचितच घडते!

तिथीवरून ओहोटी

अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रात आहे. किनाऱ्यापासून तो एक-दीड किलोमीटर आत असेल. भरतीला चहूकडून पाणी आणि ओहोटीला वाट मोकळी. त्या वाटेने लोक पायी जातात, घोडागाडीने जातात, कोणी घोड्यावरून जातात. म्हणजे तिथला सारा व्यवहार घड्याळावर नाही, समुद्रावर चालतो. अवेळी गेलात तर किनाऱ्यावर बसून किल्ला बघायचा आणि माघारी यायचे.

ही वेळ काढायची कोकणातली रीत आपल्या दिनदर्शिकेत बसणारी आहे. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी, तितक्या वाजता साधारण पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. पूर्ण ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, म्हणजे बाराच्या सुमारास. पौर्णिमा उलटली की पुन्हा एकपासून मोजायचे. आम्ही निघालो ती माघ वद्य पंचमी होती. पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पहाटे पावणेचारला भरती आणि सकाळी दहाच्या आतबाहेर ओहोटी. म्हणून मांजरीतून पहाटे साडेतीनलाच गाडी काढली. खोपोली, पेण करीत साडेआठला अलिबागच्या वाळूत उतरलो.

हा हिशेब अंदाजाचा आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा त्या किनाऱ्याला पाण्याच्या पातळीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, म्हणजे पाणी चढतेही कमी आणि हटतेही कमी. नक्की वेळ किनाऱ्यावरच्या माणसाला विचारूनच पाऊल टाकावे.

खोगिरावर बसण्याआधी

किनाऱ्यावर घोडे उभे होते. आम्हाला वाटले होते की पैसे दिले की बसायचे. पण ज्या घोडेवाल्याशी गाठ पडली तो माणूस जनावराचा जाणता निघाला. त्याने आधी सगळ्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले. आमच्यातले एक सभासद अंगाने चांगलेच भरलेले, नव्वद किलोंच्या वर. ते पुढे सरसावले तसा तो हात जोडून म्हणाला, "काका, रागावू नका. हे तट्टू लहान आहे. तुम्ही गाडीत बसा, तिकडं मजा येईल."

काकांना ते लागले. "आम्ही पैसे देतोय की!" असेही तोंडातून गेले. क्षणभर वातावरण तंग झाले. त्या माणसाचे त्यात नुकसानच होते, गिऱ्हाईक हातचे जात होते. पण तो हलला नाही. म्हणाला, "काका, पैसे आज मिळतील. पाठ गेली तर वर्षभर मी काय खाऊ?" यावर सगळेच गप्प झाले. हे वाक्य बैल पाळणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

कायदाही त्याच्याच बाजूचा आहे. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी केंद्र सरकारने १९६५ साली नियम केले. त्यात तट्टाच्या पाठीवर ७० किलोंपेक्षा जास्त ओझे घालू नये असे म्हटले आहे. जनावराला दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नये, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त जुंपू नये आणि जिथे पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी बारा ते तीन या वेळात कामाला लावू नये, हेही त्यातच आहे. अणकुचीदार काठी किंवा खिळ्यांचा लगाम वापरायला बंदी आहे. हे नियम जसे घोड्याला तसेच आपल्या उसाच्या गाडीच्या बैलालाही आहेत. वजनकाट्यासमोर रांगेत उभ्या असलेल्या बैलजोड्या डोळ्यांपुढे आणा आणि यातले किती पाळले जातात ते आपले आपणच ठरवा.

काका शेवटी हसले आणि घोडागाडीत चढले.

स्वारीचे धडे

बाकीच्यांना त्याने आधी पाच मिनिटे शिकवले. घोड्याच्या मागून कधी जाऊ नये, तो दचकून लाथ मारतो. पुढून, डाव्या खांद्याकडून जावे आणि आधी आवाज द्यावा. बसण्याआधी तंग आवळलेला आहे ना हे बघावे, नाहीतर खोगीर फिरते आणि माणूस पोटाखाली जातो. चढायचे डाव्या बाजूने. ही रीत तलवारीच्या काळापासूनची आहे. तलवार डाव्या कमरेला असायची, म्हणून डावा पाय रिकिबीत घालून उजवा पाय वरून टाकायचा.

रिकिबीत चवडाच ठेवावा, टाच खाली. आख्खा पाऊल आत गेला तर पडल्यावर माणूस फरफटत जातो. चप्पल काढून ठेवलेली बरी, पण अंगठी-घड्याळासारखे अडकणारे काही नको. लगाम ओढून धरू नये, घोड्याचे तोंड दुखते. तोल गेलाच तर आयाळ धरावी. आमच्या एका भगिनी सभासद सगळ्यांत सरळ बसल्या. घोडेवाला म्हणाला, "ताई, तुम्ही डोक्यावर हंडा घेऊन चालल्या असाल." ते खरेच होते. पाठीचा कणा ताठ आणि कंबर सैल, हे दोन्ही एकदम जमले की घोडा माणसाला जड वाटून घेत नाही.

मग निघालो. मोतद्दार लगाम धरून पुढे आणि आम्ही मागे. वाळूचेही शास्त्र आहे. पाण्यापासून दूरची कोरडी वाळू भुसभुशीत, तीत पाय रुततो आणि घोड्याच्या पायाच्या शिरांवर ताण येतो. अगदी पाण्यालगतची वाळू सारखी सरकते. या दोन्हींच्या मधला ओला, घट्ट पट्टा असतो, त्यावरून चालवायचे. नांगरटीच्या रानातून आणि गाडीवाटेवरून बैल नेण्यात जो फरक, तोच इथे.

चालत गेला तर घोडा तासाला सहा-सात किलोमीटर जातो. दुडकी लागली की दुप्पट. आम्हाला त्याने दुडक्या चालीने शंभरेक पावले नेले, तेवढ्यात पोटातला चहा हलला. शिलेदार कोसच्या कोस असे कसे गेले असतील, याची कल्पना तिथे आली.

किल्ला आणि परतीची घाई

कुलाबा किल्ल्याचे काम शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात सुरू झाले. पुढे कान्होजी आंग्रे यांचे आरमार इथून हलत असे. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून या किल्ल्यावर चाल केली, पण तो त्यांच्या हाती लागला नाही. आत सिद्धिविनायकाचे मंदिर आहे, समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याची विहीर आहे आणि गाड्यावर बसवलेल्या दोन तोफा आहेत. गोड्या पाण्यापाशी आपली मंडळी सगळ्यांत जास्त वेळ थांबली. पाण्याची किंमत कळणारी माणसे ती.

तेवढ्यात घोडेवाल्याची हाक आली, "चला, पाणी फिरलं!" आम्हाला तर समुद्र होता तिथेच दिसत होता. एक-दोघे म्हणाले, अजून अर्धा तास आहे. त्याने ऐकले नाही. भरतीची चाल सारखी नसते. सहा तासांच्या भरतीचे बारा वाटे केले तर पहिल्या तासात एक वाटा पाणी चढते, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन. म्हणजे सुरुवातीला काहीच होत नाही असे वाटते आणि मग एकदम वाट बुडते. आम्ही किनाऱ्याला लागलो आणि तासाभराने वळून पाहिले, तर ज्या वाटेने आलो तिथे लाटा होत्या. वाटाड्याचे ऐकायचे असते ते एवढ्यासाठी.

दाणा, वैरण आणि पावसाळा

दुपारी त्याने घोड्यांचे पाय गोड्या पाण्याने धुतले, कारण मिठाने कातडे आणि नाल दोन्ही खराब होतात. खरारा केला, भिजवलेला हरभरा आणि गवत टाकले. आम्ही विचारले, "उसाचे वाढे खातात का?" तो म्हणाला, "खातात, पण बेतानं. घोड्याला ओकता येत नाही. पोटशूळ उठला की रात्रीत जनावर जातं." ही गोष्ट खरी आहे. घोड्याच्या पोटात गेलेले बाहेर पडायला तोंडावाटे मार्ग नाही, म्हणून त्याच्या चाऱ्यात अचानक बदल करू नये.

पावसाळ्याचे चार महिने समुद्र खवळलेला आणि धंदा बंद, पण चंदी रोजची. सव्वीस जानेवारीच्या गर्दीत मिळवलेले श्रावणात संपते. आपल्याकडच्या ऊसतोडणी मजुराची कथा याहून वेगळी नाही. हंगाम संपला तरी बैलाचे पोट संपत नाही.

घोड्याचे आपल्यावरचे ऋण

परतीच्या गाडीत पुन्हा मांजरीचा विषय निघाला आणि तो उसाच्या फडापर्यंत आला. फडात घोणस, नाग निघणे आपल्याला नवे नाही. साप चावल्यावर दवाखान्यात जे इंजेक्शन देतात ते घोड्याच्याच रक्तातून तयार होते. घोड्याला सापाचे विष अगदी थोड्या मात्रेत टोचत नेतात, त्याच्या रक्तात विषाला मारणारी द्रव्ये तयार होतात आणि त्यांपासून औषध करतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर ते एकच औषध चालते. त्यासाठी लागणारे विष बहुतांशी तामिळनाडूतल्या इरुळा आदिवासी सर्पमित्रांची संस्था पुरवत आली आहे. १९७८ साली स्थापन झालेली ही संस्थाही आपल्यासारखीच सहकारी आहे.

तेव्हा फडात कोणाला साप चावला तर मांत्रिकाकडे, देवळाकडे वेळ घालवू नका. चावा कापू नका, चोखू नका, दोरीने करकचून बांधू नका. त्या माणसाला चालू न देता, चावलेला अवयव न हलवता थेट सरकारी दवाखाना गाठा. आपल्या टोळीच्या मुकादमाला हे आजच सांगून ठेवा.

ज्या सभासदांना अशी सहल काढायची असेल त्यांनी तिथी पाहून दिवस ठरवावा, पावसाळा टाळावा, वजनदार मंडळींनी घोडागाडीच घ्यावी आणि भाव आधी ठरवावा. घोड्याच्या पाठीवर जखम किंवा पायात लंगड दिसली तर त्यावर बसू नये, दुसरा मागावा. गिऱ्हाईकच असे निवडू लागले की चांगले जनावर ठेवणाऱ्या माणसाला चार पैसे जास्त मिळतात. आणि हीच नजर घेऊन येत्या हंगामात आपल्या फडातून निघणाऱ्या गाडीच्या बैलांकडेही एकदा पाहावे, एवढीच विनंती.