साथीचा ऑर्गन आणि त्याचा वादक

संगीत नाटक पाहून घरी परतणारा रसिक नटाच्या गळ्याची वाखाणणी करतो, पदांच्या चाली गुणगुणतो, क्वचित तबलजीच्या हाताचेही कौतुक करतो. परंतु रंगमंचापुढे, खालच्या अंगास, अंधुक उजेडात बसून नाटक संपेपर्यंत दोन्ही पायांनी भाता चालविणाऱ्या ऑर्गनवादकाचे नाव त्याच्या ओठी सहसा येत नाही. हा वादक नेमके करतो काय, आणि त्याच्यावाचून काय अडते, याचा विचार साहित्य-संगीताच्या अभ्यासकांनी करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या वाद्याचा पूर्वेतिहास मोठा मौजेचा आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथील क्टेसिबियस या यंत्रज्ञाने पाण्याच्या दाबावर चालणारा ऑर्गन रचिला. रोमन अमदानीत तो देवालयात नव्हे, तर आखाड्यात वाजत असे. लिबियातील झ्लितेन येथे सापडलेल्या फरशीचित्रात योद्ध्यांच्या झुंजीशेजारीच ऑर्गनवादक दाखविला आहे. ७५७ साली बायझंटाइन सम्राटाने फ्रँकांचा राजा पेपिन यास एक ऑर्गन नजराणा म्हणून धाडला, आणि त्यानंतरच्या शतकांत हे वाद्य पश्चिमेकडील चर्चमध्ये स्थिरावले. पुढे मूकपटांच्या काळात ते चित्रपटगृहात शिरले. १९४१ साली शिकागोच्या रिग्ली फील्ड या बेसबॉलच्या मैदानावरही वाजू लागले. आखाड्यातून निघालेले वाद्य अशा रीतीने पुन्हा क्रीडांगणात पोहोचले!

स्थळे भिन्न, परंतु वादकाचे काम बव्हंशी एकच. उपासना सुरू होण्यापूर्वी मने एकाग्र करणे, गीताचा आरंभस्वर मंडळीस देणे, एक विधी संपून दुसरा लागेपर्यंतची पोकळी भरून काढणे, हे चर्चमधील ऑर्गनवादकाचे कर्तव्य होय. मैदानावरील वादक खेळाच्या विरामात प्रेक्षकांचा उत्साह मावळू देत नाही. जमलेल्या समुदायाचा श्वास एका लयीत ठेवणे, हीच या कलेची खरी कसोटी आहे.

आपल्या रंगभूमीकडे वळल्यास हीच गोष्ट निराळ्या रूपाने दिसते. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे सुपुत्र अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणिले, तेव्हा साथीस सारंगी व तबला असे. पेटी आणि पायाने चालणारा ऑर्गन ही वाद्ये मागाहून आली. आपल्याकडील हा ऑर्गन म्हणजे चर्चमधील प्रचंड नळ्यांचा ऑर्गन नव्हे. तो पितळी रीडांचा लहान ऑर्गन होय. हार्मोनिअममध्ये भात्यातील हवा रीडांतून बाहेर ढकलली जाते. बहुतेक ऑर्गनांत ती रीडांतून आत ओढली जाते, त्यामुळे स्वर अधिक मृदू व भरदार निघतो. भाता पायांनी चालत असल्याने वादकाचे दोन्ही हात मोकळे राहतात. समोरचे स्टॉप ओढून स्वराचा रंग पालटता येतो, आणि गुडघ्याने पट्टी रेटून आवाज लहानमोठा करता येतो.

नाटक चालू असता वादकाची दृष्टी स्वरपट्ट्यांवर नसते, नटाच्या ओठांवर असते. गद्य भाषणाचे शेवटचे शब्द निघत असतानाच पदाचा षड्ज हलकेच लागला पाहिजे; तो लवकर लागला तर भाषणाचा रसभंग होतो, उशिरा लागला तर नट उघडा पडतो. नटाचा घसा बसला असेल तर स्वराचा आधार वाढवावयाचा, तान रंगली असेल तर मागे सरावयाचे, ‘वन्स मोअर’चा गजर झाला की कोणत्या ओळीकडे परतावयाचे ते क्षणात ओळखावयाचे, हे सारे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या गायनामागे हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान तिरखवाँचा तबला असे. त्या गायनाच्या कीर्तीत या साथीचा वाटा थोडका नव्हता.

या वाद्यावर एक आक्षेप पूर्वीपासून घेतला जातो, आणि तो निराधार नाही. ऑर्गनचे स्वर स्थिर असतात. मींड त्यातून निघत नाही, श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखविता येत नाहीत. म्हणूनच सांगलीचे कृ. ब. देवल आणि न्यायाधीश क्लेमंट्स यांनी श्रुतींची पेटी करविली. आणि म्हणूनच १९४० साली नभोवाणीवर पेटीस बंदी झाली, ती सुमारे तीन दशके टिकली. परंतु उत्तम वादकाने या उणिवेवर हातोटीने मात केली. स्वर कोठे धरावा यापेक्षा तो कोठे सोडावा, याचे ज्ञान त्याने मिळविले. गोविंदराव टेंबे यांच्यासारखा पेटीवादक १९११ साली ‘मानापमान’ला चाली देतो, तेव्हा साथीदाराची बुद्धी केवळ अनुकरणाची नसते, हे सिद्ध होते.

आमच्या सीमाभागास ही परंपरा परकी नाही. बेळगावात विठ्ठलराव कोरगावकर आणि रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांनी पेटीवादनास प्रतिष्ठा मिळवून दिली; रामभाऊंनी तर अनेक दशके विद्यार्थी घडविले. बेळगावलगतच्या कंग्राळीसारख्या गावी भजनाच्या निमित्ताने पेटीचे स्वर मुलांच्या कानी लहानपणीच पडतात. त्या पेटीचे आणि रंगभूमीवरील ऑर्गनचे नाते मात्र त्यांस कोणी समजावून सांगत नाही.

आज संगीत नाटकांचे प्रयोग विरळ झाले आहेत. ऑर्गनची जागा पुष्कळ ठिकाणी विजेवर चालणाऱ्या वाद्याने घेतली आहे. वाद्य बदलले याचा खेद करण्याचे कारण नाही. रंगभूमीने सारंगीच्या जागी पेटी आणली, तेव्हाही वाद्य बदललेच होते. खेद याचा की, वाद्याबरोबर वादकाची विद्याही जात आहे. नाटकाची संहिता छापली जाते, पदांच्या चाली ध्वनिमुद्रिकांत राहतात. परंतु कोणत्या शब्दावर स्वर द्यावा, कोठे थांबावे, हे कोठेच लिहिलेले नसते. ते वृद्ध वादकांच्या स्मरणात आहे. साहित्यसंस्थांनी अशा वादकांस बोलते करून त्यांच्या आठवणी संहितेच्या पानांवर जागच्या जागी टिपून ठेवाव्यात. आणि शाळेच्या संमेलनात एखादा नाट्यप्रवेश बसविताना शिक्षकांनी साथ करणाऱ्या मुलाचे नाव कार्यक्रमपत्रिकेत नटाच्या नावाशेजारी छापावे. हे काम लहान आहे. परंतु साथ हीही एक विद्या आहे, हे मुलांस त्यावरून प्रथम कळेल.